धरून बघ

"हात दे बघू."

शरयूताई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. २००२ सालची गोष्ट. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमधल्या एका कंपनीत मी नुकताच लागलो होतो. सोनोग्राफीची मशीन्स बनवणारी कंपनी. पडद्यावरचं चित्र अधिक स्वच्छ कसं दिसेल, हे बघणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये माझं काम होतं. कुणीतरी मला तळमजल्यावरच्या, नमुने घडवणाऱ्या मॉडेल शॉपमधून एक सुटा भाग आणायला पाठवलं. वर आमच्याकडे राखाडी कार्पेट आणि कीबोर्डची टकटक. खाली दार उघडलं तर लाकडाच्या भुशाचा वास आला. टेबलापाशी पन्नाशीच्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. अंगात जाड कापडाचा एप्रन, डोळ्यांवर कामाचा चष्मा आणि कपाळावर बारीक टिकली. त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं, "नितीन देशकर, म्हणजे नागपूरकडचा," असं स्वतःशीच म्हटलं आणि लगेच हात मागितला.

मला वाटलं, बाई भविष्य सांगतात. मी मुकाट्याने उजवा तळवा पुढे केला. त्यांनी त्यावर मेणासारख्या मऊ मातीचा गोळा ठेवला आणि म्हणाल्या, "मूठ मिट. घट्ट नको. चहाचा कप धरतोस तेवढीच." मग तो गोळा अलगद काढून घेतला, उजेडात धरून उलटसुलट पाहिला, खाली माझं नाव कोरलं आणि फळीवर ठेवून दिला. त्या फळीवर असे कितीतरी गोळे होते. कंपनीतल्या प्रत्येकाची मूठ तिथे जमा होती, दारावरच्या सिक्युरिटीवाल्याचीसुद्धा.

"तुझा अंगठा आळशी आहे," त्या म्हणाल्या. "सगळं काम करंगळीकडून करून घेतोस."

पुढे कित्येक दिवस मी कप उचलला की माझं लक्ष करंगळीकडे जायचं. त्यांचं म्हणणं खरं होतं.

सोनोग्राफी करणारी बाई पेशंटच्या पोटावरून जे फिरवते त्याला प्रोब म्हणतात. त्याच्या आत काय असावं हे इंजिनिअर ठरवायचे. तो हातात कसा बसावा हे शरयूताई ठरवायच्या. आधी मातीत, मग फोममध्ये, मग लाकडात त्या त्याची मूठ घडवायच्या आणि शेवटचा आकार कारखान्यात जायचा. कंपनीत त्यांचा हुद्दा काही फार मोठा नव्हता. पण नवा प्रोब काढायचा ठरला की आधी त्यांच्याकडे निरोप जायचा.

त्या मूळच्या कोल्हापूरच्या. उद्यमनगरात त्यांच्या वडिलांचं, आबांचं, पॅटर्न बनवायचं वर्कशॉप होतं. इंजिनाचा एखादा भाग लोखंडात ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात घडवावा लागतो. तो वाळूत दाबून काढून घेतला की मागे जी पोकळी राहते, तिच्यात लोखंड ओततात. शाळा सुटली की ही मुलगी घरी न जाता वर्कशॉपमध्ये जाऊन आबांच्या शेजारी बसायची आणि लाकडावर काचपेपर घासायची. पुढे मुंबईला शिल्पकला शिकल्या, लग्न झालं आणि विमानांच्या कारखान्यात नोकरी लागलेल्या नवऱ्याबरोबर सत्तरच्या दशकात सिअ‍ॅटलला आल्या. मुलगा शाळेत जायला लागेपर्यंत घरीच होत्या. मग कम्युनिटी कॉलेजात कुंभारकामाचा वर्ग घेऊ लागल्या आणि तिथून या कंपनीत आल्या. मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्यांच्या यजमानांना काका. हे नातं कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं, पण दोघांनीही कधी हरकत घेतली नाही.

आबांचं एक वाक्य त्यांच्या तोंडात सारखं असायचं. "ओतलेलं लोखंड निवताना अंग चोरतं, म्हणून लाकूड वाईच मोठं ठेवायचं." हे त्या माणसांनाही लावायच्या. एकदा माझा मॅनेजर माझ्यावर सगळ्यांदेखत भडकला आणि मी राजीनाम्याची भाषा करत खाली गेलो. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो आत्ता तापलाय. निवला की अंग चोरेल. तेवढी जागा धरून चाल." दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतःहून माझ्यासाठी कॉफी घेऊन आला. मी ते सांगायला खाली गेलो, तर त्यांना आदल्या दिवशीचं काही आठवतही नव्हतं.

त्यांचं स्वतःचं वाक्य मात्र एकच आणि दोनच शब्दांचं: "धरून बघ." कुणी नवा फोन दाखवला की त्या डोळे मिटून तो हातात धरायच्या. रंग कोणता, किंमत किती, हे नंतर. कुणाच्या घरी गेल्या की दाराचं हँडल दोनदा फिरवून मग आत यायच्या. काका म्हणायचे, हिच्याबरोबर भांड्यांच्या दुकानात जाऊ नये, सकाळी गेलं तर संध्याकाळ होते. त्यांच्या गॅरेजमध्ये लाकूड कातायचा एक छोटा लेथ होता. आमच्या भागात नवं लग्न होऊन आलेली मुलगी त्यांना भेटायला गेली की तिच्या हाताचं माप घेतलं जायचं आणि पुढच्या भेटीत तिला मेपलच्या लाकडाचं लाटणं मिळायचं. माझं लग्न व्हायचं होतं, तरी मलाही मिळालं. मला पोळ्या येत नाहीत, असं मी सांगून पाहिलं. "येतील कशा? दुकानातलं लाटणं तुझ्या हाताचं नाही," त्या म्हणाल्या. पोळ्या त्यानंतरही जमल्या नाहीत. फक्त दोष आता लाटण्याचा नाही, हे स्पष्ट झालं.

नव्या प्रोबचं काम सुरू झालं तेव्हा एकदा मी त्यांच्याबरोबर जवळच्या हॉस्पिटलमध्ये गेलो. मला सॉफ्टवेअरबद्दल चार प्रश्न विचारायचे होते. शरयूताई मात्र परवानगी काढून कोपऱ्यात स्टूल टाकून बसल्या आणि दिवसभर तिथून हलल्या नाहीत. डोना नावाची एक प्रौढ बाई तपासण्या करत होती. एका हातात प्रोब, दुसरा हात मशीनच्या बटणांवर, मान पडद्याकडे वळलेली. एक पेशंट गेला की दुसरा. डोना बोलकी होती, पेशंटला हसवत होती. पण दोन तपासण्यांच्या मध्ये ती हात खाली सोडून झटकायची. ती हे करते आहे हे तिच्याही लक्षात नसावं.

दिवस संपल्यावर डोना कोट घालायला लागली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तिने हसून काहीतरी विनोद केला आणि डाव्या हाताने उजव्याला बाहीत ढकलू लागली. शरयूताई उठल्या आणि आईने मुलाला घालावा तसा तिला कोट घातला. डोना म्हणाली की नातीला उचलून घेणं तिने कधीच सोडलंय आणि तिच्याबरोबरच्या दोघींनी या दुखण्यापायी नोकरीच सोडली.

परतताना गाडी कंपनीच्या पार्किंगमध्ये शिरली तेव्हा शरयूताई म्हणाल्या, "आपलं मशीन जगाचं दुखणं शोधतं आणि चालवणारीला दुखणं लावतं. हे बरं नाही, नितीन."

त्यानंतरचे कित्येक महिने त्यांनी त्या एका मुठीसाठी दिले. बोटांना आधार मिळावा म्हणून त्यांनी मुठीवर खोलगट खाचा पाडल्या. फार सुंदर आकार झाला होता. लाकडाचा तो नमुना हातात घेतला की खाली ठेवावासा वाटायचा नाही. तो घेऊन त्या डोनाकडे गेल्या. डोनाने धरून पाहिला, छान आहे म्हणाली आणि मग अंगठ्याच्या नखाने एका खाचेत खरवडून दाखवलं. तपासणीसाठी लावतात ते जेल इथे साचेल, पुसलं जाणार नाही, एका पेशंटचं दुसऱ्याला जाईल. शरयूताईंनी नमुना परत घेतला, तिचे आभार मानले आणि शॉपमध्ये आल्यावर तो केराच्या डब्यात टाकला. मला हळहळ वाटली. मी म्हटलं, निदान आठवण म्हणून तरी ठेवा. "चुकलेल्या वस्तूचा लाड करू नये," त्या म्हणाल्या. "डोळ्यासमोर राहिली की हात पुन्हा तिकडेच वळतो."

याच सुमाराला टॉड नावाचा तरुण मुख्य डिझायनर म्हणून आला आणि त्याच्याबरोबर एक नवं मशीन आलं. कॉम्प्युटरवर काढलेला आकार ते मशीन थरावर थर चढवत प्लॅस्टिकमध्ये उभा करायचं. आज त्याचं कुणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा आम्ही सगळे ते बघायला गेलो होतो. बघताना अनेकांच्या मनात आलं ते कुणी बोललं नाही: आता शरयूताईंचं काय?

शरयूताई मशीनच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. आतमध्ये कापराच्या वडीएवढा एक तुकडा हळूहळू वाढत होता. जेवणाची वेळ झाली, लोक पांगले, तरी त्या हलल्या नाहीत. मी बोलवायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "आबांना हे दाखवायला हवं होतं रे. कानस नाही, काचपेपर नाही. जेवणखाण सोडून बसले असते इथे."

दुसऱ्या दिवशी त्या टॉडकडे गेल्या आणि हे शिकव म्हणाल्या. टॉडला वेळ नसला की मी शिकवायचो. डबा खाऊन झाला की आम्ही कॉम्प्युटरसमोर बसायचो. माउस त्यांच्या हाताला बसत नव्हता. पहिले काही दिवस त्या त्यालाच नावं ठेवत होत्या, या वस्तूचा हाताशी काही संबंध आहे का म्हणून. पण आकार त्यांच्या डोक्यात पक्के होते, त्यामुळे एकदा बोटं वळली तशा त्या आम्हा सगळ्यांच्या पुढे गेल्या. टॉड भला माणूस होता. थोड्याच दिवसांत तो स्वतः मशीनमधून निघालेला प्रत्येक तुकडा घेऊन आधी त्यांच्याकडे यायचा आणि त्या डोळे मिटून तो धरेपर्यंत समोर उभा राहायचा.

सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच त्यांचं स्वतःचं दुखणं बाहेर आलं.

मला कळलं ते एका दुपारी. त्या डब्याचं झाकण उघडत होत्या आणि ते उघडत नव्हतं. साधं स्टीलच्या डब्याचं झाकण. त्यांनी एकदा, दोनदा प्रयत्न केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग डबा माझ्यासमोर सरकवला. "उघड," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. ती कित्येक महिन्यांपासून होती आणि त्यांनी ती एप्रनच्या खिशात लपवली होती, हे नंतर काकांकडून समजलं. सांधा झिजला होता. डॉक्टरांनी कोरकाम बंद करायला सांगितलं होतं, कायमचं.

त्या काही दिवस आल्या नाहीत. मी घरी भेटायला गेलो. गॅरेजचं दार बंद होतं. आत सोफ्यावर त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, मनगटापासून अंगठ्यापर्यंत पट्टा बांधलेला. काका चहा करत होते. बोलणं इकडचं तिकडचं झालं. निघताना त्या म्हणाल्या, "लहानपणी आबा म्हणायचे, शरूच्या हातात माझी दोन बोटं आहेत. ती दोनच गेली बघ." काका मला सोडायला बाहेर आले आणि गाडीपाशी उभे राहून म्हणाले की ती रडली असती तर बरं झालं असतं.

नंतरच्या आठवड्यात त्या पट्ट्यासकट कामावर आल्या आणि आल्या आल्या टॉडला म्हणाल्या, आत्तापर्यंत बनवलेल्या सगळ्या मुठी टेबलावर मांड. एकेक मूठ त्यांनी त्या दुखऱ्या हातात धरली. काही धरताक्षणी खाली ठेवल्या. एक धरताना त्यांचा चेहरा पिळवटला तेव्हा मी म्हटलं, ताई, डावा हात वापरा ना. त्यांनी मान हलवली. "चांगल्या हाताला काहीही चालतं, नितीन. तो निभावून नेतो. इतकी वर्षं मी चांगल्या हाताने तपासत बसले, चूकच ती. डोनाचा हात आत्ता कुठे कळायला लागला मला."

त्या दिवसापासून कामाची तऱ्हा बदलली. मऊ मातीत डाव्या हाताने त्या कच्चा आकार काढायच्या. तो कॉम्प्युटरवर त्या आणि टॉड मिळून बारकाईने उतरवायचे. मशीन तो बनवायचं, आणि सकाळी शरयूताईंचा तो अंगठा निकाल द्यायचा. कोरकाम पूर्वी आठवडा खायचं, ते आता मशीन रातोरात करत होतं. एकदा त्या म्हणाल्या, "माझी बोटं गेली म्हणून देवाने हे पाठवलं, असं मी म्हणणार नाही. पण आलं ते वेळेवर आलं."

त्या अंगठ्यामुळेच खरी गोष्ट सापडली. मूठ कितीही चांगली केली तरी थोड्या वेळाने दुखायचंच. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की ओढ लागते आहे ती प्रोबच्या मागून निघणाऱ्या जाड केबलची. ती केबल मनगटाला सतत खाली खेचते आणि अंगठा तिच्याशी भांडत राहतो. मग त्यांनी मूठ मागून रुंद केली, म्हणजे वजन चिमटीत न येता तळव्यावर पसरेल, आणि केबल तिरकी बाहेर काढली, म्हणजे ती हाताच्या अंगाअंगाने जाईल. दिसायला तो प्रोब जरा बुटका आणि बेढबच होता. त्यांना तो कुठल्याही सुंदर नमुन्यापेक्षा आवडला.

निवड व्हायची मीटिंग होती त्या दिवशी मी तिथे होतो. समोर दोन नमुने होते. एक शरयूताईंचा आणि दुसरा बाहेरच्या एका डिझायनरकडून करून घेतलेला, निमुळता, देखणा. मार्केटिंगच्या माणसाला तो दुसरा हवा होता. प्रदर्शनात तोच उठून दिसेल, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते चुकीचंही नव्हतं. टॉड काही बोलणार, तेवढ्यात शरयूताई उठल्या. त्यांनी चाचणीसाठी वापरायचे रबरी ठोकळे प्रत्येकासमोर ठेवले, केबल जोडलेले नमुने हातात दिले आणि विनंती केली की चर्चा जरूर करू, फक्त एक पूर्ण तपासणी चालते तेवढा वेळ प्रत्येकाने प्रोब ठोकळ्यावर दाबून धरावा. अर्ध्यांनी हा, अर्ध्यांनी तो, मग अदलाबदल.

लोक हसले, पण त्यांनी धरलं. चर्चा सुरू झाली. किंमत, प्रदर्शन, प्रतिस्पर्धी कंपन्या. हळूहळू निमुळता प्रोब धरलेले लोक खुर्चीत चुळबुळायला लागले. कुणी कोपर टेबलाला टेकवलं, कुणी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मार्केटिंगचा माणूस बोलता बोलता थांबला, त्याने प्रोब खाली ठेवला आणि हात झटकला. अगदी डोना झटकायची तसा. मग तो स्वतःच्या हाताकडे बघून मोकळेपणाने हसला आणि म्हणाला की ठीक आहे, जाहिरातीचे फोटो जरा वरच्या बाजूने काढू.

पूर्ण विजय नव्हता तो. त्यांना हवी होती तशी बारीक, हलकी केबल महाग पडत होती, म्हणून ती त्या वेळी मिळाली नाही. शरयूताईंनी तेही ऐकून घेतलं. "मूठ तर गेली पुढे," त्या म्हणाल्या. "केबल तुम्ही पोरं करा."

२००८ साली कंपनीने ते मॉडेल शॉप बंद केलं. बाहेरून काम करून घेणं स्वस्त पडत होतं. शरयूताईंना निवृत्ती घ्यायला सांगितलं. त्यांनी भाषण, केक, सगळ्याला नकार दिला. काकांना अ‍ॅरिझोनात चँडलरला मुलाजवळ जायचं होतं. तिथली कोरडी हवा सांध्यांना बरी. घर विकायला काढलं आणि गॅरेजमधला लेथ कम्युनिटी कॉलेजला देऊन टाकला.

त्या जायच्या थोडं आधी माझ्या बायकोची, मृदुलाची, सोनोग्राफी होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्हाला पहिलं मूल होणार होतं. तिच्या आईचा व्हिसा अडकला होता, म्हणून मृदुलाने शरयूताईंना विचारलं, "मावशी, तुम्ही याल माझ्याबरोबर?" त्या साडी नेसून आल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत साडीत पहिल्यांदाच पाहत होतो.

तपासणी करणारी मुलगी अगदी तरुण होती. तिने मशीन चालू केलं, प्रोब उचलला, आणि मी ओळखला. मागून रुंद, बुटका, तिरक्या केबलचा. मी शरयूताईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याआधीच ओळखला होता.

खोलीत अंधार होता. पडद्यावर आमचं बाळ हललं. मृदुलाने माझं बोट घट्ट धरलं. ती मुलगी गप्पा मारत होती, डोकं कुठे, पाय कुठे ते दाखवत होती. बाळ पाठ करून झोपलं होतं, त्यामुळे तिला बराच वेळ लागला. मला राहवेना. हा प्रोब कुणी घडवला ते हिला कळायलाच हवं, असं वाटून मी तोंड उघडलं, तोच शरयूताईंनी माझा दंड धरला.

"सांगू नकोस," त्या मराठीत हळूच म्हणाल्या. "सांगितलंस की पोरीचं लक्ष हाताकडे जाईल."

मृदुला पडद्याकडे बघत होती, मीही बघत होतो. ती मुलगी एकदाही न थांबता, हात न झटकता, बोलत बोलत प्रोब फिरवत होती. शरयूताई स्टुलावर जरा पुढे सरकून, पदर सावरून, शेवटपर्यंत तिच्या त्या हाताकडे पाहत बसल्या होत्या.